अकरा नंबरचं ‘येस’

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस नुसती वाचतेय. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. आमच्या गावात कुणाला ‘झाड लागलं’, म्हणजे भुतानं धरलं, म्हणाले की मी विचारायची, झाडाला दुसरं काही काम नाही का? डी.एड. झालेली बाई आहे मी. शिक्षक भरतीची वाट बघता बघता केस पांढरे व्हायला लागले, पण डोकं जागेवर आहे. भूतबित काही नसतं असं मी आजही म्हणते... फक्त आता पूर्वीसारखं मोठ्यानं म्हणत नाही.

आधी एक शब्द समजावून सांगते, कारण सगळं त्या शब्दावरच आहे.

माझं माहेर धुळ्याकडचं, घरात पक्की अहिराणी. आमच्यात ‘मी येते’ला म्हणतात ‘मी येस’, आणि ‘मी जाते’ला ‘मी जास’. घरातून निघताना ‘जास’ कधी म्हणायचं नाही. अशुभ. ‘येस’ म्हणायचं, म्हणजे माणूस परत येतो. लग्न होऊन मी असोद्याला आले. इकडची बोली वेगळी, लेवा. पहिल्यांदा बाजारात निघाले आणि सवयीनं दारातून ओरडले, “येस!” तर सासूबाई ओट्यावर बसलेल्या, शेजारणीला म्हणतात, “आवो बापा, आमची सून तं इंग्रजी बोलते!” त्यांना अहिराणी कळत नाही असं नाही, चांगली कळते, पण सून चिडवायला मिळाली तर कोण सोडतं? पुढं वर्षभर मी गल्लीत ‘इंग्रजीन’ होते.

आता मूळ गोष्ट. दोनेक वर्षांपूर्वी नवऱ्याचं शोरूममधलं काम सुटलं. सुटलं म्हणजे सोमवारी सांगितलं की उद्यापासून येऊ नका. तेव्हापासून तो फैजपूरकडे केळीच्या गाड्या भरायला जातो. माल असला तर काम, नसला तर घरी बसून छताकडे बघायचं. मग मी आणि गल्लीतली रंजना, दोघींनी जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. अजिंठा चौफुलीवर रिक्षातून उतरायचं आणि पुढं पायी. चटईचे कारखाने तिकडे ढिगानं आहेत, त्यातला कोणता ते सांगत नाही, विचारू पण नका.

एक मोठी पत्र्याची शेड. मागे मशिनी, पुढे शटर. आणि शटरमधून आत शिरल्या शिरल्या डोक्यावर लोखंडी माळा. त्या माळ्यावर तयार चटयांचे गठ्ठे आणि प्लॅस्टिक दाण्याच्या गोण्या, पार पत्र्याला टेकेपर्यंत. आमची पॅकिंगची जागा त्याच्या खालीच, कारण तिथंच एकुलता एक पंखा. माळा कधी कधी करकरायचा. कुणी बोललं तर सुपरवायझरचं ठरलेलं उत्तर— “गिरेगा तब देखेंगे.”

हा सुपरवायझर सुरतकडून आलेला. गळ्यात शिट्टी. खरंच शिट्टी, पी.टी.च्या मास्तरसारखी. आम्ही पाठीमागे त्याला ‘शिट्टी’च म्हणायचो. त्याच्या राज्यात बायांना नावं नव्हती, नंबर होते. मी चौदा. रंजना पंधरा. बाथरूमला जायचं तर हात वर करायचा, तो मान हलवेल तेव्हा उठायचं. न हलवली तर बसून राहायचं. पाणी कमी प्या म्हणजे सारखं जावं लागणार नाही, हे त्यानं एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ऐन मे महिन्यात! मोबाईल गेटवर वॉचमन नानांच्या पेटीत जमा. आणि दुपारच्या जेवणानंतर बाया नळावर रेंगाळतात म्हणून त्यानं दुपारची हजेरी सुरू केली. सगळ्या आत आल्या की शटर खाली ओढायचं आणि नंबर पुकारायचे. कागदबिगद काही नाही, नंबर त्याला तोंडपाठ होते. आपला नंबर आला की ‘यस सर’ म्हणायचं. ‘हजर’ म्हटलेलं चालायचं नाही. का, ते त्यालाच माहीत.

एवढं असून आम्ही का राहिलो, असं विचाराल. कारण गेटबाहेर रोज चार नव्या बाया उभ्या असायच्या, काम आहे का म्हणून. शिट्टी त्या बायांकडे बोट दाखवायचा आणि आम्ही गप्प बसायचो. माझ्या घरात तेव्हा महिन्याचं किराणा सामान माझ्या जिवावर होतं. नोकरी गेली तर काय, हा विचार डोक्यातून जातच नव्हता. रात्री स्वप्नातसुद्धा मी हात वर करायची.

अकरा नंबर म्हणजे अक्का. धुळ्याकडच्याच, माझ्या माहेराच्या पलीकडच्या गावच्या. साठीच्या आसपास, चौफुलीजवळ खोली करून मुलाबरोबर राहायच्या. माहेरची बोली ऐकली आणि मी त्यांना चिकटलेच. अक्का हजेरीला ‘यस सर’ म्हणायच्या नाहीत. नुसतं ‘येस’. लांब, हेल काढून. ‘ये’वर जरा रेंगाळायचं आणि मग ‘स’. सगळ्यांना वाटायचं म्हातारीला ‘सर’ म्हणणं जमत नाही. एकदा चौफुलीकडे चालताना मी विचारलं तर पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

“मी त्याले यस म्हनत नही वं पोरी. मी येस म्हनस. घर येस, मना नातूकडे येस. तो बापडा खूश व्हई जास.”

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. म्हणजे रोज शिट्टी नंबर पुकारायचा आणि ही बाई त्याच्या तोंडावर घरी निरोप द्यायची— थांबा, मी येतेय! दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, त्यामुळे त्याला कळायचा संबंधच नाही. त्या दिवसापासून मी पण ‘यस सर’ म्हणताना मनात आमचंच ‘येस’ म्हणायची. एवढ्याशानं पण दिवस बरा जायचा.

पावसाळा संपता संपता अक्कांना ताप यायला लागला. एका दुपारी त्या माळ्याखाली बसल्या बसल्या घामानं भिजल्या. म्हणाल्या, “मना जीव घाबरी ऱ्हायना वं.” मी हात वर केला. शिट्टीनं बघितलं आणि बोटानं खाली करायची खूण केली. मी उठून त्याच्याकडे गेले, सांगितलं, त्यांना घरी सोडा. तर म्हणतो, गाडी लोड होईपर्यंत कोणी जाणार नाही, फार वाटत असेल तर कायमचं जा. अक्कांनीच मला पदर धरून खाली बसवलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी तापात चटया गुंडाळल्या. मला आजही ते आठवलं की राग येतो, तेव्हाही आला होता, आणि तो गिळून मी टेप लावत बसले होते.

सुटल्यावर मी त्यांना खोलीपर्यंत धरून नेलं. दारात मला म्हणाल्या, “जाय तू, लेकरं वाट देखतीन.” मी निघाले तर मागून हाक मारल्यासारखं, तेच हेल काढून— “येस वं!” जात मी होते, आणि ‘येस’ त्या म्हणत होत्या. मला वाटलं, तापात काहीतरी उलटंसुलटं झालं.

अक्का परत आल्या नाहीत. मुलानं त्यांना गावी नेलं आणि तिथं त्या गेल्या. कारखान्यात ना शिट्टी थांबली ना मशीन. मी आणि रंजना त्या दिवशी जेवलो नाही, एवढाच काय तो दुखवटा. त्यांच्या जागेवर, बरोबर माळ्याच्या मधोमध, शिट्टीनं मला बसवलं. नंबर मात्र कुणाला दिला नव्हता.

नंतर काही दिवसांनी दुपारची हजेरी चालू होती. शटर खाली. शिट्टी आपला सवयीनं पुकारत होता— “नौ... दस... ग्यारह...” बोलून गेला आणि त्याचं त्यालाच लक्षात आलं, तोंड जरा वाकडं झालं. तेवढ्यात मागून, मशिनींच्या बाजूनं आलं—

“येस.”

लांब. हेल काढून.

मशिनी तेव्हा बंद असायच्या, त्यामुळे सुई पडली तरी ऐकू आली असती. रंजनानं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. शिट्टी ओरडला, “कौन मजाक कर रहा है?” मला वाटलं, कुणीतरी चावटपणा केला. कसला वाईट चावटपणा, असं वाटून मला त्या बाईचा रागच आला.

दुसऱ्या वेळी शिट्टीनं मुद्दाम अकरा गाळला. “दस... बारह” म्हणाला. तर दहा आणि बाराच्या मधे ते आलंच. बारा नंबरची बाई आपलं ‘यस सर’ म्हणायचं विसरली आणि रडायला लागली. जाताना रिक्षात रंजना म्हणाली, “मले तं घाम फुटला वं. अक्काच होती.” मी म्हटलं, गप बस, पत्र्याच्या शेडमधे आवाज घुमतो. मी डी.एड.वाली ना.

पण रिक्षात मी एक गोष्ट विचारली. तुला काय ऐकू आलं? रंजना म्हणाली, “यस म्हनली ना, इंग्रजीत.” आणि मला आमचं ‘येस’ ऐकू आलं होतं. येतेय. आवाज एक, पण तिला हजेरी ऐकू आली आणि मला निरोप. घरी आल्यावर त्या दिवशी भाकरी करपली माझी.

आणि मग तो दिवस. दिवाळीच्या ऑर्डरींचा सीझन, माळ्यावर नेहमीपेक्षा जास्त माल चढवलेला. सकाळपासून माळा करकरत होता आणि मी मान वर करून करून दुखवून घेतली होती. जेवणानंतर शटर खाली, हजेरी सुरू. शिट्टीनं परत अकरा गाळला, आणि परत आवाज आला. पण या वेळी मागून नाही. माझ्या शेजारून. अगदी कानाशी, माझ्या डाव्या खांद्यापाशी कुणी टेकून बसावं तिथून.

“येस.”

शिट्टीचं डोकंच फिरलं. त्याला वाटलं मीच. माझ्याकडे बोट करून म्हणाला, “चौदह! तू ही है ना?” मी नाही म्हटलं, तर म्हणे सगळ्या खोटारड्या आहात. धाडकन शटर वर केलं आणि शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढलं. मशीनवरच्या माणसांना पण. “सब बाहर! लाइन में! जब तक कबूल नहीं करेगी, कोई अंदर नहीं जाएगा!” आम्ही चपला पण न घालता बाहेर. आवारातली फरशी तापलेली, पाय पोळत होते, आणि हा प्रत्येकीला ‘येस’ म्हणायला लावून आवाज जुळवत होता. गेटवरून नाना बघत होते, त्यांची पण बोलायची हिंमत नव्हती. इतकं अपमानास्पद वाटलं मला. दोन पोरांची आई मी, आणि उन्हात एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत ‘येस, येस’ म्हणतेय.

कुणाचाच आवाज जुळेना. शेवटी तो कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे बघत मोठ्यानं ओरडला, “ग्यारह!”

उत्तर आलं.

रिकाम्या शेडमधून. आत एकही माणूस नव्हतं, हे मी देवाशपथ सांगते. सगळे जण माझ्या डोळ्यांसमोर लाइनीत होते.

शिट्टी आधी दचकला, मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्याला वाटलं, कुणीतरी आत लपलंय, सापडली आता. तो तरातरा शटरकडे निघाला. आणि माझ्या तोंडातून, का कोण जाणे, ओरडल्यासारखं निघालं—

“सर, वो यस नहीं बोल रही!”

तो उंबऱ्यापाशी थांबला. वळला. “क्या?”

“वो हमारी बोली है सर. येस मतलब... आती हूँ. वो हाजिरी नहीं दे रही. आ रही हूँ बोल रही है.”

“कौन आ रही है?” त्यानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला काहीतरी विचारलं असेल आणि उत्तरासाठी थांबला असेल. तेवढाच थांबला. मागे कड्कन आवाज झाला आणि अख्खा माळा खाली आला.

कसला तो आवाज! लोखंड, गोण्या, चटया, पंखा, आमचं टेबल, सगळं एकावर एक. धुरळा शटरमधून बाहेर आमच्या तोंडावर आला. प्लॅस्टिकचे दाणे घरंगळत आमच्या पायांपर्यंत आले. शिट्टी आवाजासरशी आत वळून उंबऱ्यावरून मागच्या मागे बाहेर पडला होता, त्याच्या बुटाच्या टोकाशी माळ्याचा अँगल. मी जिथं बसायची, अक्का जिथं बसायच्या, ती जागा दिसतच नव्हती.

कुणीतरी “बठ्ठ्या शेतस ना?” असं ओरडलं— सगळ्या आहात ना— आणि आम्ही एकमेकींना मोजायच्या ऐवजी नावानं हाका मारायला लागलो. रंजना! संगीता! मंगल! प्रत्येक नावाला ‘ओ’ येत होती. सगळ्या होत्या. एकीलाही खरचटलं नव्हतं. मी फतकल मारून त्या तापलेल्या फरशीवर बसले आणि आधी रडले, मग हसायलाच लागले. रंजना पण हसायला लागली. वेड लागल्यासारख्या दोघी. इतकं हलकं मला माझ्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

शिट्टी भिंतीला टेकून बसला होता, चेहरा पांढरा फटक. रंजनानंच त्याला नानांची पाण्याची बाटली आणून दिली. त्यानं ती पूर्ण प्यायली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई... आपका नाम क्या है?” मी नाव सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून बघितलं, आणि मान खाली घालून बसून राहिला. पुढं त्यानं काम सोडलं असं ऐकलं. शिट्टी मात्र त्या दिवशीच धुरळ्यात कुठंतरी हरवली.

नवरा म्हणतो, पत्र्याचा घुमारा. दीर म्हणतो, कुणाच्या तरी मोबाईलमधे रेकॉर्डिंग असेल. पण मोबाईल तर नानांच्या पेटीत होते. रंजनाला काहीच स्पष्टीकरण नको, तिनं घरी नारळ फोडला आणि मोकळी झाली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, “तुह्या भाषेनंच वाचवलं वं तुले.” त्या दिवसापासून मला इंग्रजीन म्हणणं बंद झालं. मला विचाराल तर मला माहीत नाही. माळा पडायचाच होता, तो पडला, इथपर्यंत मला कळतं. तो नेमका आम्ही बाहेर असताना पडला, आणि आम्ही बाहेर कुणामुळे होतो, तिथं माझं डी.एड. संपतं. कुणाला सुचलं तर कमेंटमधे सांगा, वाचीन.

कारखाना बंद पडला. आता रंजना, मी आणि अजून काही बाया असोद्यातच एका घरी केळीचे वेफर्स तळतो. कमाई तिथल्यापेक्षा थोडी कमीच आहे. पण दार सताड उघडं असतं, पाणी हवं तेवढं पितो, आणि कुणी हात वर केला तर समजायचं की तिला मीठ हवंय.

एक शेवटचं सांगायचं राहिलं. महिन्याभरानं मी माझा डबा आणि चपला आणायला परत तिथं गेले होते. नानांनी गेट उघडून दिलं. शेड अर्धी रिकामी केलेली, शटर वरच होतं. चपला सापडल्या, डबा चेपला होता पण घेतला. निघताना सवयीनं तोंडावर ‘येस’ आलं होतं. मी ते गिळलं. शटरपाशी उभं राहून, आयुष्यात कुणाच्याही दारातून म्हटलं नव्हतं ते मोठ्यानं म्हटलं—

“जास वं, अक्का. तू बी जाय आते घर.”

आणि थांबले. कान देऊन, चांगला बराच वेळ थांबले.

आतून कुणीही ‘येस’ म्हणालं नाही.